रिकामी वर आलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. पण माझ्यावर बसून कोणी चहा पीत नाही की पेपर वाचत नाही. भांडुपच्या बोरटेकडीवर कोणाला अगदीच बरे वाटेनासे झाले, की माझ्या दोन्ही बाजूंना बांबू लावतात, त्या माणसाला माझ्यावर बसवतात आणि पुढे एक, मागे एक असे दोघे जण मला उचलून खाली रस्त्यावर नेतात. टेकडीवर रिक्षा येत नाही. येणार कशी? दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटून उभे राहावे लागते, अशी आमची वाट.

माझ्याबाबत टेकडीवर एक रीत आहे. आजारी माणसाला खाली नेले की मला लगेच वर आणत नाहीत. पायथ्याशी रेमंडचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, तिथे मी थांबते. माणूस बरा होऊन आला की त्याला माझ्यावर बसवूनच वर न्यायचे. त्याला चालता येत असले तरी बसायचे. मध्येच दुसऱ्या कोणावर वेळ आली तर लोक चादरीची झोळी करतात, पण मला हलवत नाहीत. त्यामुळे मी रिकामी वर आले, तर त्याचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही.

पंच्याऐंशी सालच्या जानेवारीत मी एकदा रिकामी वर आले.

त्या दिवशी सकाळी धोंडू दवाखान्यातून चालत रेमंडच्या दुकानात आला. त्याने मला उलटे करून डोक्यावर घेतले. रेमंडने हातातला पाना खाली ठेवला.

"धोंडू, तू पुढे हो. खुर्ची मी आणतो."

"नको," धोंडू म्हणाला. "मीच नेली होती. मीच आणतो."

नळावर बायका होत्या. त्यांनी माझे चार पाय आभाळाकडे झालेले पाहिले आणि बोलणे थांबवले. वरच्या आळीतली रत्नप्रभा दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने सूप बाजूला ठेवले आणि पदर तोंडाला लावला. शेवंती गेली, हे बोरटेकडीला असे समजले. शेवंती धोंडूची बायको.

फणसाच्या झाडापाशी वाट वळते. तिथे एका बाजूला भिंत आहे आणि दुसऱ्या बाजूला धोंडूच्या घराचा ओटा. त्या वळणावर मी रिकामी, उलटी, एकट्या माणसाच्या डोक्यावर असूनही माझी पाठ ओट्याला घासली. धोंडू थांबला. त्याने अंग आडवे केले. मग मला सोडवून घरात गेला.

त्या ओट्याचे पुढे सांगते. आधी मी कोण, ते सांगितले पाहिजे.

मला मालाडच्या एका गावठाणात इसिडोर नावाच्या सुताराने बनवले. तो चर्चची बाके करायचा, त्यामुळे त्याच्या हातचे लाकूड दणकट असायचे आणि पाठ ताठ असायची. घाटकोपरच्या एका फोटो स्टुडिओने मला मागवले होते. पडद्यावर रंगवलेला बंगला, खाली कागदी फुलांची कुंडी आणि मध्ये मी. लग्न झालेली जोडपी यायची. बाई माझ्यावर बसायची, पुरुष मागे उभा राहून माझ्या पाठीवर हात ठेवायचा. माणसे त्या वेळी श्वास धरून बसतात. अंगातले खरे वजन टाकत नाहीत. एक मुलगी मात्र ऐसपैस बसली होती. फोटोवाला म्हणाला, "ताठ बसा." ती म्हणाली, "बसतंय. आधी माझे पाय दुखायचे थांबूदेत." तिच्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्याला हसू आवरेना, म्हणून त्या फोटोत त्याचा चेहरा हललेला आला. ती शेवंती आणि तो धोंडू.

पुढे स्टुडिओ बंद पडला. माझे वेत तुटले होते, हातावरचे पॉलिश गेले होते. मला फुटपाथवर काढून ठेवले, तेव्हा भंगारवालाही मला बघून पुढे गेला. शेवंती तिथून चालली होती. तिने मला ओळखले. आमच्या फोटोतली खुर्ची, असे म्हणत तिने घरातले दोन पितळी डबे देऊन मला घेतले आणि धोंडूने मला डोक्यावर घालून टेकडीवर नेले. पण त्यांच्या खोलीत मला ठेवायला जागाच नव्हती. मी पुन्हा दाराबाहेर राहिले.

एकदा शेजारच्या बाईला कळा सुरू झाल्या आणि तिला खाली न्यायला काही मिळेना. शेवंतीच म्हणाली, "ही घेवा." तेव्हापासून मी टेकडीची झाले. रेमंडने माझ्या हातांखाली लोखंडी कड्या बसवल्या, म्हणजे बांबू दोरीने घट्ट बांधता यावेत. माझ्यावरून गेलेल्या बाया पोरे घेऊन वर यायच्या आणि घरात जाण्याआधी माझ्या हाताला हळदकुंकू लावायच्या. माझ्या आयुष्यातला तो चांगला काळ. किती तरी वजने मी त्या वाटेने नेली आणि आणली.

आता ओटा. धोंडूची गिरणी चालू होती तेव्हा, सुट्टीच्या दिवशी टेकडीचाच दगड फोडून त्याने तो बांधला होता. घर एका खोलीचे. शेवंती ओट्यावर बसून मासे साफ करायची, वेणी घालायची, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून बोलायची. "हो आमचो हॉल," असे ती म्हणायची. पण बांबू लांब आणि वळण आखूड. खुर्ची तिथे आली की बांबूचे टोक ओट्याला अडायचे. मग पुढच्याने ओट्यावर चढायचे, मागच्याने खाली वाकायचे, बसलेल्या माणसाने घाबरून माझे हात घट्ट धरायचे. शेवंती हे दर वेळी पाहत होती. ती धोंडूला म्हणायची, "अहो, फोडा हो ओटो. मी उंबऱ्यात बसान." धोंडू म्हणायचा, "बघू." गिरणी संपात बंद पडली, तो एका कारखान्यावर वॉचमन झाला, तरी "बघू" तेच राहिले.

जानेवारीत शेवंतीच्या छातीत दुखायला लागले आणि तिला माझ्यावर बसवले. बांबूंची मागची टोके धोंडूने धरली होती. वळणावर आम्ही अडलो. नेहमीप्रमाणेच अडलो, जास्त नाही. शेवंतीला बोलता येत नव्हते. तिने एक हात लांब केला आणि ओट्याला जोराने ढकलले, जणू तो सरकणार होता. मग आम्ही सुटलो. त्या वेळेमुळे तिचे काही बिघडले की नाही, हे धोंडूने दवाखान्यात कोणाला विचारले नाही. अजूनही विचारलेले नाही.

त्यानंतर धोंडू एका जागी बसेना. ड्युटीवरून आला की मला या भिंतीपासून त्या भिंतीशी न्यायचा. माझ्या कड्यांच्या दोऱ्या सोडायचा, पुन्हा बांधायचा. उगाच पायथ्याशी जाऊन रेमंडशी दोन शब्द बोलायचा आणि परत चढायचा. ओट्यावर मात्र बसायचा नाही. तो सकाळी ओटा धुवायचा आणि कडेने घरात जायचा.

अशात महापालिकेची निवडणूक आली. भिंती रंगल्या, जीपवरचे भोंगे पायथ्याशी ओरडू लागले. आमच्या वॉर्डातून तिघे जण उभे होते. एरवी उमेदवार टेकडीवर आला की लोक त्याला चहा द्यायचे, तो सगळ्यांना नमस्कार करायचा, पोरांचे गाल ओढायचा आणि जायचा. या वेळी नळापाशी लोक जमले असताना धोंडू मध्येच बोलला. शेवंती गेल्यापासून तो चारचौघांत पहिल्यांदाच बोलत होता.

"चहा देऊ नका. जो मत मागायला येईल, त्यानं पायथ्यापासून खुर्चीचा बांबू खांद्यावर घ्यायचा. वर आणायची, परत खाली न्यायची. मग बघू कोण लायक ते."

कोणी नाही म्हणाले नाही. त्याला नाही म्हणायची ती वेळ नव्हती, आणि खरे सांगायचे तर सगळ्यांना ते पटलेही होते. असे झाले आणि मला तीन उमेदवार पारखायचे काम मिळाले.

पहिले आले चंद्रप्रकाश वकील. मुलुंडला त्यांचे ऑफिस होते, नावापुढे पदव्या होत्या. निवडून आलेले नगरसेवक महापौर निवडतात, आणि हे तर उद्याचे महापौर, असे त्यांची माणसे सांगत फिरत होती. पायथ्याशी बांबू लावून मला तयार ठेवलेली पाहून त्यांच्या माणसांचा गैरसमज झाला. त्यांना वाटले, साहेबांच्या मानासाठीच ठेवली आहे. त्यांनी वकिलांना हार घालून माझ्यावर बसवले आणि उचलले. वकील आधी नको म्हणाले, मग बसले. फोटो स्टुडिओत बसायचे तसे, श्वास धरून. वळणावर मी कलंडले तशी त्यांची एक वहाण निसटून गटारात गेली.

रत्नप्रभा कमरेवर हात ठेवून वर उभी होती. "उतरा साहेब," ती म्हणाली. "ही आजाऱ्याची खुर्ची. तुम्हाला काय होतंय?"

जो तो हसायला लागला. वकील माणूस म्हणून वाईट नव्हते. एक वहाण घालून ते ओट्याजवळ उभे राहिले आणि घरपट्टीबद्दल, झोपड्यांच्या नोंदणीबद्दल चांगले चार शब्द बोलले. मी ते ऐकले. बाकी कोणी ऐकले नाही. लोक गटारातली वहाण काठीने काढत होते.

दुसरा जयवंत. तो टेकडीचाच. तालमीत घुमलेला, दहीहंडीला सगळ्यांत खालच्या थरात उभा राहणारा. मयत असो, लग्न असो, आग लागो, जयवंत धावत यायचा. शेवंतीच्या वेळीही, वळण सुटल्यावर खालच्या उतारापासून पुढची टोके त्यानेच धरली होती. त्याने कोणाची वाट न पाहता बांबू खांद्यावर ठेवला.

"रिकामी नको," तो म्हणाला. "कोणीतरी बसा."

"मी बसते," रत्नप्रभा म्हणाली. "माझं वजन घ्यायला वाघ लागतो, सांगून ठेवते."

"वाघ नाही, काकू. आहे ते मांजर घ्या."

पुढे जयवंत, मागे धोंडू. वळण आले. जयवंत ओट्यावर चढला नाही. त्याने दोन्ही बांबू हातांनी डोक्याच्याही वर उचलून धरले, मागे धोंडूला तसेच करायला लावले, आणि रत्नप्रभेसकट मला ओट्याच्या वरून अलगद फिरवून पलीकडे नेले. मी जराही कलंडले नाही. इतक्या वर्षांत त्या वळणावरून मी अशी कधी गेले नव्हते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धोंडूच्या डोळ्यांत पाणी आले होते, ते मला दिसले, कारण तो माझ्या पाठीमागेच होता. तो हळूच म्हणाला, "असं होतं होय." त्याच्या मनात काय आले असेल ते मला कळले. ओटा न फोडताही जाता येते, हे त्याला त्या क्षणी दिसले होते.

तिसऱ्या इनेझ टीचर. भांडुपच्या जुन्या गावठाणातल्या, महापालिकेच्या शाळेत हेडमिस्ट्रेस होऊन रिटायर झालेल्या. सोबत एक बाई आणि हातात छत्री, एवढाच त्यांचा प्रचार. धोंडूने बांबूकडे बोट दाखवले.

"मी नाही उचलणार, दादा," त्या म्हणाल्या. "माझा गुडघा धरतो. दोन पावलं उचलल्यासारखं करून फोटो काढता येईल. पण ते खोटं होईल."

"मग कशाला आलात?" गर्दीतून कोणीतरी विचारले.

"बघायला आले. तुम्ही नेहमी नेता तशी खुर्ची न्या. मी मागून चालते."

लोकांनी नाखुशीनेच कोणाला तरी बसवून मला उचलले. टीचर मागून हळूहळू येत होत्या. वळणावर मी अडले, तेव्हा त्यांनी सगळ्यांना तिथेच थांबवले. बांबू खाली धरायला सांगून मला सावकाश फिरवायला लावले. बांबूचे टोक ओट्याला जिथे लागले, तिथे त्यांनी पर्समधून खडू काढून एक रेघ मारली. रेघेच्या अलीकडे हातभर ओटा होता.

"एवढा काढला तर खुर्ची उचलावी लागणार नाही. दोन म्हातारी माणसंसुद्धा नेतील. हा ओटा कोणाचा?"

लोक धोंडूकडे बघू लागले. मग धोंडू म्हणाला, "माझा."

"तोडावा लागेल, दादा."

"निवडून आलात तर तोडणार?"

"निवडून आले तर सिमेंटची पायवाट मागेन. ती मिळवायची कशी, ते मला ठाऊक आहे. पण ओटा तुम्हालाच तोडावा लागेल. पालिकेचा माणूस पहार घेऊन आला, तर तुम्ही त्याच्यापुढे आडवे पडाल, आणि तो तसाच परत जाईल. असं मी पाहिलंय."

रत्नप्रभेला ते सहन झाले नाही. "बाई, ह्याची बायको जानेवारीत गेली. रोज इथंच बसायची ती. काय बोलताय, जरा बघून बोला."

टीचर ओट्यावर टेकल्या. शेवंती गेल्यापासून त्यावर कोणी बसले नव्हते.

"मला हे माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आज बोलायला नको होतं. पण उद्या आले असते, तरी हेच बोलले असते."

एवढे बोलून त्या छत्री टेकत उतरल्या. त्यांना कोणी पोचवायला गेले नाही, एकटा रेमंड गेला.

मतदानाच्या आदल्या दिवशी रविवारसारखे सगळे नळापाशी बसले होते. मला तिथेच ठेवले होते. बोलणे फिरून फिरून तिथेच येत होते.

रेमंड म्हणाला, "मी टीचरला देणार."

"देणारच," रत्नप्रभा म्हणाली. "तुझ्या चर्चची ना ती."

"चर्चचं काय घेऊन बसलीस? तिनं मला दोन वेळा नापास केलंय. माझ्या बापानं त्यावरून मला बदडला. तरी सांगतो, तीच लायक आहे."

"आणि जयवंत? रात्री-अपरात्री कोण धावतं? टीचर येणार आहे गुडघा घेऊन?"

"अगं, पण तिथं महापालिकेत धावायचं नसतं. तिथं बसायचं असतं, कागद वाचायचे असतात, उभं राहून बोलायचं असतं. खांद्याचं तिथं काय काम?"

"तुला काय रे, तू राहतोस खाली. तुला खुर्ची लागत नाही."

ते खरे होते.

शेवटी सगळ्यांनी धोंडूकडे पाहिले. त्याचे दुःख ताजे होते, आणि परीक्षाही त्यानेच ठेवली होती. धोंडू माझ्या हाताची दोरी सोडून पुन्हा बांधत होता. वर न बघता तो म्हणाला, "ज्यानं उचललं, त्याला."

मित्रांनो, मी खुर्ची आहे. मला वजन कळते, राजकारण कळत नाही. पण त्या दिवशी माझ्या मनात एक गोष्ट टोचत राहिली. आम्ही तिघांना तोलले, पण माझ्या बांबूने तोलले. एकाला बसताना पाहिले, एकाला उचलताना पाहिले. तिसरीने काय केले, ते तोलायला आमच्याकडे मापच नव्हते. मला बोलता आले असते, तर मी एवढेच विचारले असते, की जे काम द्यायचे आहे ते उचलायचे आहे का? पण खुर्चीला कोण विचारतो.

जयवंत निवडून आला. मिरवणुकीतला पहिला हार त्याने स्वतःच्या गळ्यातून काढून मला घातला. त्याच्या मनात खोट नव्हती, अजूनही नाही. इस्त्रीचा शर्ट घालून तो बोरीबंदरला महापालिकेत जाऊ लागला. महापौराच्या निवडणुकीत त्यानेही मत दिले, तेव्हा टेकडीला केवढे अप्रूप वाटले. रेमंडने विचारले, "काय बघून दिलंस?" जयवंत म्हणाला, "बघायचं काय त्यात. हात वर करा म्हणाले, केला." लोक हसले. रेमंड हसला नाही.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी जयवंत आला आणि माझ्या हातावर टेकून बसला. थकल्यासारखा दिसत होता.

"धोंडूकाका, तिथं कोणी काही उचलायलाच सांगत नाही हो," तो म्हणाला. "नुसतं बोलतात. माझी पाळी येईपर्यंत मी विसरून जातो काय बोलायचं ते."

"पायवाटेचं काय झालं?" धोंडूने विचारले.

जयवंतने खाली पाहिले. "माणूस येऊन गेला बघायला. तुम्ही ड्युटीवर होतात. म्हणाला, ओटा आहे तोवर पायवाट धरता येत नाही, वळण बसत नाही. मी म्हटलं, राहू दे मग. आम्ही उचलून नेतो."

"असं म्हणालास?"

"मग काय, शेवंतीकाकूंचा ओटा तोडा म्हणू?"

धोंडू उठला, पायथ्यापर्यंत गेला, परत आला. त्या संध्याकाळी तो असा किती तरी वेळा गेला आणि आला.

मग सत्त्याऐंशी साल उजाडले. आमच्या टेकडीवर भाऊ म्हणून एक म्हातारे आहेत, भजनात मृदंग वाजवतात. त्यांना ताप चढून ग्लानी आली. जयवंत महापालिकेत होता. धोंडूने मागची टोके धरली, पुढे एक नवखा माणूस होता. वळणावर त्याने जयवंतसारखे बांबू डोक्यावर न्यायला पाहिले. त्याला ते पेलले नाही. मी ओट्यावर आदळले आणि माझा मागचा पाय मोडला. भाऊ घसरले. धोंडूने बांबू टाकून त्यांना कवेत धरले, म्हणून वाचले. पुढे त्यांना पाठीवर घेऊन न्यावे लागले.

भाऊ बरे झाले. रेमंडने माझ्या पायाला लोखंडी पट्टी ठोकली आणि भाऊ माझ्यावर बसून वर आले. वळणावर त्यांनी थांबायला सांगितले आणि ओट्याला हात जोडले.

"धोंडू, तुझ्या ओट्यान माका आधीच पोचवलो असतो," ते म्हणाले. त्यांना गंमत करायची होती. पण धोंडू हसला नाही आणि मग कोणीच हसले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने ओटा धुतला. टीचरनी मारलेली खडूची रेघ कधीच पुसली गेली होती. धोंडू घरातून कोळशाचा तुकडा घेऊन आला आणि तिथेच, त्याच जागेवर रेघ मारली. इतक्या दिवसांनंतरही ती जागा त्याच्या लक्षात होती. आता तो रोज ओटा धुतो, रेघ पुसली जाते, आणि तो ती परत मारतो.

गेल्या महिन्यात तो गावठाणात जाऊन इनेझ टीचरना भेटून आला. हे मला रेमंडच्या तोंडून कळले. टीचर म्हणाल्या, आता मी कोणी नाही, पण अर्ज कसा लिहायचा ते जयवंतला शिकवीन, त्याला पाठव. जयवंत जातो आहे. शाळेत गेला नसेल इतक्या नेमाने जातो, असे रेमंड सांगतो. अर्ज तयार आहे. त्यात लिहिले आहे की वळणावर आता अडथळा नाही. टीचरनी तो अजून पुढे जाऊ दिलेला नाही. त्या म्हणाल्या, आधी ते खरे होऊ दे.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. पुढे तुम्हीही मत द्याल. तुमच्यासाठी धावून येणारा माणूस जवळचा वाटतो, आणि वाटावाच. पण जो तुमच्या दाराशी येऊन तुमचाच दगड हलवायला सांगतो, त्याचेही नीट ऐकून घ्या. आणि माझ्यासारखी एखादी जुनी खुर्ची तुमच्याकडे असेल, तर तिच्या दोऱ्या तपासत जा. तिच्या वाटेत काही ठेवू नका. तिच्यावर कोण बसणार आहे, ते आधी कोणालाच माहीत नसते.

रत्नप्रभेच्या सुनेला, मीराला, आठवा महिना लागला आहे. जाता-येता ती वळणावर पोट सांभाळत अंग आडवे करून जाते. रत्नप्रभा धोंडूला काही बोलत नाही. एवढी बोलणारी बाई, पण या एका गोष्टीवर गप्प आहे, आणि तिचे गप्प राहणे धोंडूला घरात बसू देत नाही. काल त्याने रेमंडकडून पहार आणली. रेमंडने विचारले, मी येऊ का सोबत. धोंडू म्हणाला, नको. आज सकाळी तो पहार घेऊन बाहेर आला, ओट्यासमोर उभा राहिला. मग शेवंती गेल्यापासून पहिल्यांदाच ओट्यावर बसला, ती बसायची त्या जागी, आणि ड्युटीची वेळ होईपर्यंत बसून राहिला.

माझ्या कड्यांना नवी दोरी आहे. बांबू तेल लावून ठेवले आहेत. पहार भिंतीला टेकवलेली आहे. कोळशाची रेघ आजची आहे.

ओटा अजून फोडलेला नाही.